चौसष्ट घरांचं अप-डाऊन

रविवारची सकाळ, प्लास्टिकच्या सोंगट्या, एक डिजिटल घड्याळ आणि समोर सातवीतली पोरगी. छोट्या गावात क्लब बुद्धिबळ खेळायचं म्हणजे नेमकं काय काय सोसायचं, आणि तरी दर रविवारी का जायचं?

‘‘पूर्णा? अच्छा, गाडी खूप वेळ थांबते ते का?’’ पुण्या-मुंबईत आमच्या गावाची ओळख इथे सुरू होते आणि इथेच संपते. चालायचंच. जंक्शनचं गाव आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी लाइन आणि अकोल्याकडे फुटणारा फाटा इथे एकत्र येतात. एका बाजूला परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड, दोन्हीकडे साधारण तीसेक किलोमीटर. त्यामुळे गावातल्या नोकरदारांचं आयुष्य एका शब्दात मावतं : अप-डाऊन. मराठवाड्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सकाळी भरलेला डबा घेऊन गाडीत, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी.

मीही त्यातलाच. सोमवार ते शनिवार नांदेडला ऑफिस. रविवारी मात्र माझं दुसरं अप-डाऊन असतं, चौसष्ट घरांवरचं. त्याला पास मिळत नाही, खिडकीची जागा मिळत नाही आणि परतीची गाडी कधी लागेल याची गॅरंटी तर अजिबातच नाही.

आमच्या जिल्ह्यात एक म्हण फेमस आहे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. बुद्धिबळात जर्मनीने लास्कर दिला. हा माणूस १८९४ ते १९२१ अशी सलग सत्तावीस वर्षं जगज्जेता होता. परभणीचा नंबर लागायचाय अजून. पण त्या रांगेत आम्ही उभे आहोत, एवढं नक्की!

टीम कशी बनते?

आमच्या मंडळाला ना बोर्ड आहे ना ऑफिस. एका ट्यूशनवाल्या सरांचा हॉल रविवारी रिकामा असतो, तो आमचा. गुंडाळता येणारे सहा पट, वर्गणी काढून घेतलेली दोन डिजिटल घड्याळं, एक फ्लास्क आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप. झालं मंडळ.

मेंबर म्हणाल तर मेडिकल दुकानवाला मित्र, झेडपीच्या शाळेतले एक सर, रिटायर्ड गार्डकाका, एक लोको पायलट, आठ-दहा पोरंपोरी आणि मी. रेल्वेचं गाव असल्यामुळे आमच्या पेअरिंगवर ड्यूटीचा हात असतो. लोको पायलट दादा डाव ऐन रंगात असताना फोनकडे बघतात, उठतात आणि म्हणतात, ‘‘आला कॉल. हा डाव फोटो काढून ठेवा, पुढच्या रविवारी इथूनच.’’ त्यांचे असे लटकलेले तीन डाव माझ्या मोबाईलच्या गॅलरीत आहेत. त्यातल्या दोन डावांत मी जिंकत होतो, हे इथे नम्रपणे नोंदवतो.

पोरं आमच्याकडे मोबाईलवर खेळून येतात. काका मंडळी येतात ती आजोबांच्या पटावर शिकून. या दोघांचे नियमच वेगळे! देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. कॅसलिंग नाही. त्याऐवजी शह लागण्याआधी राजा एकदा घोड्यासारखी उडी मारून घेतो. गार्डकाका अशा डावांवर वाढलेले. आता ते आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात, पण हात अधूनमधून जुन्या रुळावर जातोच. त्याची गंमत पुढे सांगतो.

स्विसची लिफ्ट

क्लबमध्ये खेळणारा माणूस वर्षाकाठी दोन-चार ओपन स्पर्धांना जातोच. आम्ही परभणी, नांदेड करतो. जास्तच हुरूप आला तर सकाळची गाडी पकडून छत्रपती संभाजीनगर. आणि तिथे भेटते ती स्विस लीग.

१८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत ही पद्धत पहिल्यांदा वापरली, म्हणून नाव स्विस. पहिल्या राउंडला खेळाडूंची रेटिंगप्रमाणे यादी करायची आणि मधोमध कापायची. वरच्या अर्ध्यातला पहिला खेळतो खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी. पुढच्या राउंडपासून सारखे गुण असलेले एकमेकांसमोर. कुणी बाद होत नाही, सगळे शेवटपर्यंत खेळतात.

ऐकायला किती छान वाटतं ना? आता याचा अर्थ बघा. तुम्ही जिंकलात की बक्षीस म्हणून आणखी तगडा माणूस समोर. तो तुम्हाला लोळवतो. हरलात की जरा सोपा माणूस. त्याला तुम्ही लोळवता. की परत वर! सकाळी नऊला टेबल नंबर चाळीस, अकराला टेबल नंबर बारा, जेवून येईपर्यंत पुन्हा छत्तीस. सात राउंड संपल्यावर आपल्यासारख्या मधल्या फळीच्या खेळाडूंच्या नावापुढे तीन, साडेतीन किंवा चार गुण असतात. वर्षानुवर्षं.

सुरुवातीला मला वाटायचं की आपल्याच खेळात सातत्य नाही. मग गणित कळलं. ही पद्धतच अशी आहे की ती प्रत्येकाला आपापल्या बरोबरीच्या माणसापर्यंत नेऊन सोडते. चढ-उतार तुमच्या नशिबात लिहिलेले नसतात, ते पेअरिंगच्या कागदावर छापलेले असतात. हे समजलं त्या दिवसापासून हरल्यावर भूक लागायला लागली.

आणि चुकांचं म्हणाल, तर त्या कुणाला सुटल्यात? २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना तेव्हाचा जगज्जेता क्रामनिकला एका चालीतली मात दिसली नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या डावात डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती भलत्या घरात नेला आणि आपला गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. मग रविवारी दुपारी साडेबाराला, पोटात कावळे ओरडत असताना, आमच्या शाळेच्या सरांचा वजीर जातो त्याचं काय एवढं!

रेटिंग : खरं बोलणारी मार्कशीट

ऑफिसात अप्रेझलला साहेब काय म्हणतात? ‘‘छान चाललंय, पण अजून थोडं...’’ म्हणजे नक्की किती, ते कुणीच सांगत नाही. बुद्धिबळात भानगडच नाही. चार आकडी नंबर असतो, तो जगात कुणालाही बघता येतो आणि त्याला मस्का लावता येत नाही.

आता या नंबरची मजा ऐका. क्लासिकल डावात माझ्यासारख्या जुन्या खेळाडूचा ‘के फॅक्टर’ असतो वीस. अठराच्या आतल्या पोरांचा, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर, चाळीस. सोप्या भाषेत, सारख्या रेटिंगचे आम्ही दोघं खेळलो आणि पोरगं जिंकलं, तर माझे जातात दहा आणि त्याला मिळतात वीस. त्यात पोरं रोज रात्री मोबाईलवर खेळून सुधारत असतात, कागदावरचं रेटिंग मात्र मागेच असतं. म्हणजे समोर लिहिलेलं असतं १४८०, आणि खेळ असतो १७०० चा. स्पर्धेच्या हॉलमध्ये तिशी-चाळिशीतली माणसं पेअरिंग बघताना आधी वय विचारतात ती उगाच नाही. ‘‘किती वर्षांचा आहे? अकरा? मेलो.’’

मध्ये एक लॉटरीही लागली. १ मार्च २०२४ ला जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, २००० च्या खालच्या सगळ्यांचं क्लासिकल रेटिंग एकदम वर उचललं. फॉर्म्युला असा : २००० पासून तुम्ही जितके खाली, त्याच्या चाळीस टक्के बोनस. माझं १२५० होतं, ते रातोरात १५५० झालं. एकही डाव न खेळता! ग्रुपवर पार्टी मागितली लोकांनी. मेडिकलवाला म्हणाला, ‘‘राव, तीनशेनं वाढला तू, पण कालपण मलाच हरला होतास.’’ खरंच होतं ते. आकडा वाढला, खेळ जागेवरच.

अडीच-अडीच

वर्षातून एक-दोनदा आम्ही परभणीच्या मित्रमंडळींशी टीम मॅच ठेवतो. पाच बोर्ड, दोन घरचे आणि दोन बाहेरचे डाव वगैरे काही नाही, प्रत्येकाचा एकच डाव. हरणारी टीम नाश्ता देते. पैसे नाहीत, कप नाही, तरी आदल्या रात्री झोप लागत नाही. एकट्याने हरणं सोपं असतं हो. टीम मॅचमध्ये शेजारचा आपल्या पटाकडे मान लांब करून बघतो आणि काहीच बोलत नाही. ते जास्त लागतं.

गेल्या वेळी मॅच आमच्याकडे होती. घड्याळं सुरू व्हायला दहा मिनिटं, आणि लोको पायलट दादांचा फोन वाजला. कॉल! दादा गेले. पाचव्या बोर्डवर बसवायचं कुणाला? कोपऱ्यात सातवीतली एक मुलगी मासिकातलं कोडं सोडवत बसली होती. आई शिवणकाम करते, वडील रेल्वेत. दोन वर्षांपूर्वी आई तिला घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, ‘‘सर, ही दिवसभर मोबाईलवर हेच खेळायलीय. तुमच्याकडं खरा पट आहे म्हणं, बघा बरं जरा.’’ तर ती बसली पाचव्या बोर्डवर. समोर चाळिशीतले एक गृहस्थ. त्यांनी आमच्याकडे बघितलं. ‘ही?’ असा चेहरा.

पहिल्या बोर्डवर मेडिकलवाला हरला. दुसऱ्यावर सरांची बरोबरी. तिसऱ्यावर मी जिंकलो. चौथ्यावर गार्डकाका. काकांचा डाव काय सुंदर चालला होता! प्यादं शेवटच्या घरात पोचलं. वजीर करायचा, पण जादा वजीर टेबलावर नाही. काकांनी सवयीप्रमाणे शेजारी पडलेला हत्ती उचलला, उलटा ठेवला आणि घड्याळ दाबलं. घरी आपण सगळेच असं करतो. पण नियम काय म्हणतो? हत्ती उलटा ठेवला तरी हत्तीच. वजीर हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा. पंच म्हणून आलेल्या पाहुण्यांनी शांतपणे तेच सांगितलं. तिकडे समोरच्याचं प्यादं खरोखरचा वजीर झालं आणि काकांचा डाव गेला. काका उठले, फ्लास्कमधून चहा ओतला आणि म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं सिग्नल बघून गाडी सोडली. आज सिग्नल न बघताच सोडली की राव.’’ 

दीड-अडीच. उरला पाचवा बोर्ड. हत्ती आणि प्याद्यांचं एंडगेम, मुलीचं एक प्यादं जास्त. गृहस्थांनी बरोबरी मागितली. ती म्हणाली, ‘‘नको काका, मी खेळते अजून.’’ दहा चालींनी त्यांनी परत मागितली. तिने नुसती मान हलवली. आम्ही नऊ मोठी माणसं भोवती उभी, श्वास रोखून. ती मात्र प्रत्येक चाल वहीत लिहीत होती, आधी चाल, मग घड्याळ, मग पेन. पाऊण तासाने गृहस्थांनी राजा आडवा केला आणि हात पुढे केला. अडीच-अडीच. नाश्त्याचे पैसे अर्धे-अर्धे.

खरा पेच

सिनेमात इथे पिक्चर संपतो. आमचा इथून सुरू झाला.

त्या दिवसापासून ती आम्हा सगळ्यांना हरवायला लागली. मला एका रविवारी तिने तसल्याच एंडगेममध्ये चाळीस चाली रगडून काढलं. शेवटी ‘थँक्यू दादा’ म्हणून सोंगट्यापण तिनेच आवरल्या. महिन्याभरात दोन मेंबर यायचे बंद झाले. कारणं नेहमीचीच : ‘रविवारी घरी वेळ द्यावा म्हणतो’, ‘शेताकडं जायचं असतं’. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. बारा वर्षांच्या मुलीकडून हरायचं, तेही चारचौघांत, हे पचत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिलांची राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं गाजवली. त्यातल्या रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गहजब झाला होता! शेवटी प्रकरण फिडेपर्यंत गेलं आणि निकाल आला की बाईला खेळण्यापासून अडवता येणार नाही. आज तर महिला आपल्या डोळ्यांसमोर कुठे पोचल्यात! जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी थेट ग्रँडमास्टर झाली. भारताची अठ्ठ्याऐंशीवी.

पण नागपूर नागपूर आहे. तिथे तुमच्यापेक्षा बरा खेळणारा माणूस चार गल्ल्या सोडून भेटतो. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, तेव्हापासून तिथे पिढ्यान्‌पिढ्या पट मांडलेला आहे. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे सांगलीच्याच. बुद्धिबळात पुढे जायला पुस्तकं लागतात, मोबाईलही लागतो, पण सगळ्यात जास्त लागतो तो तुम्हाला समोर बसून हरवणारा माणूस. आमच्या पोरीला पूर्णेत असा माणूस उरला नव्हता.

म्हणजे तिला नांदेडला पाठवायचं, दर रविवारी. वडिलांची ड्यूटी कधी लागेल सांगता येत नाही, आईचं शिवणकाम रविवारीच जास्त. सोबत कोण जाणार? आणि ती गेली की आमच्याकडे राहणार काय? पाच पोरं, एक फ्लास्क. पोरं तिच्याशी खेळायला मिळतं म्हणून येतात, आमची तोंडं बघायला नाही. दोन रविवार यावर नुसती चर्चा चालली. सर म्हणाले, मंडळ मोडेल. मेडिकलवाला म्हणाला, मोडू दे, पोरगी थांबायला नको. आवाज चढले. पहिल्यांदाच हॉलमध्ये पट मांडलेले आणि खेळत कुणीच नाही.

शेवटी गार्डकाकांनी टाइमटेबल काढलं. अक्षरशः! महिन्यातले दोन रविवार तिचे नांदेडला, सोबत आम्ही आळीपाळीने. दोन रविवार पूर्णेत, तेव्हा ती आमच्याशी खेळायची आणि बारक्यांना शिकवायची. काका म्हणाले, ‘‘जंक्शन कशाला असतं? गाडी बदलायला. गाडी इथंच उभी राहिली तर त्याला यार्ड म्हणतात.’’

ही व्यवस्था चाललीय. खर्च वर्गणीतून जातो, तिकिटांवरून किरकोळ कुरबुरी होतात, कधी रविवारी हॉलमध्ये चारच डोकी असतात. गेलेल्या दोघांपैकी एक जण परत आलाय. पहिल्याच दिवशी बारक्यांपैकी एकाशी हरला. पण पुढच्या रविवारीही आला, हे महत्त्वाचं.

मी नांदेडच्या फेऱ्यांत एक गोष्ट शिकलो. क्लबमध्ये जिंकणारे थोडेच असतात आणि ते पुढे निघून जातात, गेलेच पाहिजेत. मंडळ टिकतं ते हरून पुन्हा येणाऱ्यांवर. माझे गेलेले दहा पॉइंट आणि तिला मिळालेले वीस, हा हिशोब मी आता नुकसानीच्या रकान्यात लिहीत नाही. जिना चढायचा तर कुणीतरी पायरी व्हावं लागतं. आणि पायरीलाही अधूनमधून जिंकता येतं बरं का! मागच्या महिन्यात मी तिच्याशी बरोबरी केली. ग्रुपवर फोटो टाकला. एकोणीस लाइक.

तुम्हालाही खेळायचंय?

• आधी माणसं शोधा : गावात, सोसायटीत, ऑफिसात चार जण मिळाले तरी क्लब होतो. अॅपवर हजार डाव खेळा, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघत खेळायची मजा वेगळी.

• हात आवरा : ज्या सोंगटीला हात लागला तीच चालवायची. नीट घरात ठेवायची असेल तर आधी तसं सांगा. कॅसलिंगला आधी राजा उचला, एकाच हाताने.

• मोबाईल बंद करून पंच सांगतील तिथे ठेवा : सायलेंट नाही, बंद! २००३ मध्ये प्लोवदिवला युरोपियन टीम स्पर्धेत युक्रेनच्या पोनोमारिओवचा फोन त्याच्या विसाव्या वाढदिवसालाच वाजला आणि डाव गेला.

• ड्रॉ मागायची रीत : आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. आणि सारखं सारखं विचारू नका. समोर सातवीतली मुलगी असेल तर मुळीच नाही.

• रेटिंग स्पर्धा : त्यासाठी ऑल इंडिया चेस फेडरेशनची नोंदणी लागते. पण पहिली काही वर्षं आकडा बघूच नका. डाव लिहून ठेवा आणि घरी येऊन परत मांडा.

• हरल्यावर : हात मिळवा, ‘कुठे चुकलं’ म्हणून समोरच्यालाच विचारा. नव्वद टक्के लोक आनंदाने सांगतात. उरलेल्या दहा टक्क्यांना चहा पाजा, तेही सांगतात.

आणि कधी आमच्या मार्गाने जाताना गाडी पूर्णेला जास्तच वेळ थांबली, रविवार असला, तर वैतागू नका. एखादा पट मोकळा असेलच.